भोंगा थांबल्यावर

सोलापुरात पूर्वी घड्याळे नव्हती असे नाही. पण ती पाहण्याची गरज फारशी कोणाला पडत नसे. गिरणीचा एक भोंगा झाला की चुली पेटत, दुसरा झाला की डबे भरले जात, आणि पुढच्या भोंग्याला गल्लीच्या गल्ली रिकामी होई. ज्यांचा गिरणीशी सुतराम संबंध नव्हता असे वकील, मास्तर आणि सराफसुद्धा आपली घड्याळे भोंग्यावर लावून घेत. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे भोंगे एकामागून एक थांबले. भोंगा थांबला म्हणजे काय काय थांबले, याचा हिशोब आपण पगाराच्या आकड्यांत करतो. तो हिशोब खोटा नाही. पण मला येथे दुसराच एक हिशोब मांडायचा आहे. घरातले कर्ते माणूस महिनेच्या महिने, कधी वर्षेच्या वर्षे कामावाचून घरी असते, तेव्हा त्या घरातल्या मुलांचे काय होते, आणि आईबापांना त्या दिवसांत कुठे उजेड सापडतो का, याचा तो हिशोब.

दिवाळी अंकात बेकारीवर लेख कशाला, असे कोणी म्हणेल. पण बेकारीच्या घराला दिवाळीइतका अवघड सण दुसरा नाही. बाकीचे सण दार लोटून घेऊन पार पाडता येतात. दिवाळी दारातच असते. कंदील, रांगोळी, मुलांच्या अंगावरचे कपडे, सगळे शेजाऱ्याला दिसते. तेव्हा हा विषय काढायचाच तर याच अंकात काढावा, असे मला वाटते.

सोलापूरला हा अनुभव काही नवा नाही. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे आमच्या गावाची ‘जुनी मिल’, १८७७ साली सुरू झाली. २७ ऑगस्ट १९४९ रोजी ती बंद पडली. देश प्रजासत्ताक व्हायला अवघे सतरा दिवस उरले असताना, ९ जानेवारी १९५० रोजी, केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्याच वर्षी त्या वटहुकुमाचा कायदा झाला, आणि बेकारीचे संकट हे त्यामागचे एक कारण म्हणून कायद्याच्या प्रास्ताविकातच नोंदले गेले. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ डिसेंबर १९५० रोजी त्याचा अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या एका भागधारकाच्या खटल्यात मात्र डिसेंबर १९५३ मध्ये निकाल सरकारच्या विरुद्ध लागला. समानता आणि मालमत्ता या हक्कांचा अभ्यास करणारे कायद्याचे विद्यार्थी हे दोन्ही खटले अजून वाचतात. त्या निकालपत्रांत भागधारक आहेत, संचालक आहेत, सरकार आहे. कामगारांची मुले त्यांत येत नाहीत, आणि यायचे कारणही नाही. न्यायालयापुढे प्रश्न वेगळा होता. साठच्या दशकात जुनी मिल कायमची थंडावली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी या गिरण्यांवरही तीच पाळी आली.

मी मराठी शिकवते, म्हणून आधी शब्दांकडे वळते. ‘बेकार’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘बे’ म्हणजे वाचून, ‘कार’ म्हणजे काम. कामावाचून असलेला तो बेकार, इतका साधा त्याचा अर्थ. पण मराठीने त्याला पुढे ढकलत कुठे नेऊन ठेवले पाहा. चहा पांचट झाला की तो बेकार, सिनेमा पडला की तो बेकार, पेन उमटेना की तेही बेकार. ज्याच्या हाताला काम नाही त्या माणसाला आणि पांचट चहाला आपण एकच विशेषण लावतो. ‘रिकामा’ या शब्दाचेही तसेच. रिकामटेकडा, रिकामचोट, आणि भिंतीला तुंबड्या लावणारा तो म्हणीतला रिकामा न्हावी. काम नसलेल्या माणसाला हसायला आपल्या भाषेत साधनांची वाण नाही. आणि ही भाषा घरातली मुलेही ऐकत असतात, हे आपण विसरतो.

त्याच भाषेत ‘मोकळा’ असाही एक शब्द आहे. रिकामा आणि मोकळा यांत अंतर किती? भांडे रिकामे असते, आकाश मोकळे असते. रिकाम्या घरात कोणी नसते, मोकळ्या अंगणात मुले खेळतात. रिकाम्या वेळेला कोणाचा तरी अभाव असतो, मोकळ्या वेळेला कोणाची तरी वाट असते. दीर्घ बेकारीत आईबापांना जो काही उजेड सापडतो, तो या दोन शब्दांमधल्या अंतरात सापडतो, असे मी अनुभवाने म्हणते. हा अनुभव मी दोन्ही बाजूंनी घेतला आहे. एकदा मुलगी म्हणून आणि एकदा आई म्हणून.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, येथल्याच एका गिरणीत साच्यावर होते. मी आठवीत असताना ती गिरणी बंद झाली. पहिला महिना ‘आज उघडेल, उद्या उघडेल’ यात गेला. अण्णा पहाटे उठून दाढी करत, धुतलेला सदरा घालत आणि गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन परत येत. फाटकाशी सगळेच असे धुतलेले सदरे उभे असत. दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी त्यांनी आम्हां तिन्ही भावंडांना समोर बसवले आणि तीन वाक्ये सांगितली. “गिरणी बंद झालीय. पगार येणार नाही. तुमची शाळा बंद होणार नाही.” एवढे बोलून ते पाणी प्यायला उठले. पहिली दोन वाक्ये आम्हांला गल्लीतून आधीच कळली होती. तिसरे कोणी सांगितले नव्हते. माझ्या धाकट्या भावाने त्या रात्री आईला विचारले, “म्हणजे दप्तर भरून ठेवू ना?” महिनाभर त्याच्या पोटात कसली भीती होती ते आईला तेव्हा कळले.

मुलांना काही सांगू नये, त्यांच्या मनावर परिणाम होतो, असे म्हणणारी माणसे पुष्कळ असतात. परिणाम न सांगितल्यानेच अधिक होतो. मोठ्यांनी न सांगितलेली गोष्ट मुले स्वतः रचतात, आणि त्यांनी रचलेली गोष्ट खऱ्याहून नेहमी भयंकर असते. मात्र सांगावे ते प्रमाणात. वाण्याची उधारी किती झाली, कोणाकडे हात पसरावा लागला, हे मुलांच्या डोक्यावर घालायचे ओझे नव्हे. काय बंद झाले आणि काय चालू राहील, एवढे त्यांना पुरते.

त्यानंतर अण्णांनी भावाला शाळेत पोचवायला सुरुवात केली. गिरणीत असताना त्यांना मुलगा कोणत्या तुकडीत आहे हेही विचारून सांगावे लागे. पाळी संपवून ते आले की आम्ही निजलेले, नाही तर आम्ही घरी आलो की ते निजलेले. आता शाळेची घंटा त्यांच्याही दिवसाची घंटा झाली. साडेदहाला पोचवणे, पाचला आणणे, मधल्या वेळात कामाच्या शोधात यंत्रमागवाल्यांकडे फेऱ्या, आणि संध्याकाळी आमचा अभ्यास. अण्णा स्वतः सातवी पास. बीजगणित त्यांना येत नव्हते. पण सूत येत होते.

सुताचा नंबर म्हणजे काय, हे त्यांनी मला त्या वर्षी शिकवले. ८४० वारांची एक लडी. एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतात, तितक्या नंबरचे ते सूत. वीस नंबरचे सूत म्हणजे पौंडात वीस लड्या, १६,८०० वार, साडेनऊ मैल. चाळीस नंबर म्हणजे एकोणीस मैल. नंबर वाढतो तसे सूत बारीक होते. व्यस्त प्रमाणाचा जो धडा बाईंनी तीनदा शिकवून माझ्या डोक्यात शिरला नव्हता, तो अण्णांच्या चिमटीतल्या धाग्याने एका संध्याकाळी शिरला. मग भावाने विचारले, “तुळजापूरपर्यंत सूत न्यायचं तर कितव्या नंबरचं लागेल?” अण्णा पेन्सिल घेऊन बसले. तुळजापूर सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे अठ्ठावीस मैल. साठ नंबरचे सूत पौंडात साडेअठ्ठावीस मैल भरते. “साठ नंबरचं एक पौंड,” ते म्हणाले, “आणि अर्धा मैल देवीच्या पायाशी.”

कोजागरीला सोलापुरातून हजारो माणसे अनवाणी तुळजापूरला चालत जातात. अण्णांच्या मनात ते कित्येक वर्षे होते. पण पाळी आणि पौर्णिमा यांचा मेळ कधी बसला नव्हता. त्या वर्षी ते मला घेऊन निघाले. रात्रभर चाललो. वाटेत लोक चहा देत होते, दूध देत होते. पहाटे पायांची आग होत असताना अण्णा म्हणाले, “एक पौंड संपत आलं बघ.” मी हसले, तेही हसले. गिरणी बंद झाल्यापासून ते हसल्याचे मी प्रथमच पाहिले. देवीपुढे त्यांनी काय मागितले ते मला सांगता येईल. बेकार माणूस दुसरे काय मागणार? ते मिळायला पुढे दोन वर्षे लागली, आणि मिळाले तेही एका यंत्रमागावर निम्म्या पैशांत. पण त्या दोन वर्षांत मला वडील मिळाले. हे वाक्य मी जपून लिहिते, कारण कोणी त्यातून बेकारी बरी असा अर्थ काढू नये.

एम.ए. झाल्यावर एका समाजशास्त्राच्या मैत्रिणीने मला एक पुस्तक वाचायला दिले. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्ताल नावाच्या गिरणीच्या गावाचा तो अभ्यास. तेथली कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि सगळे गावच बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल या तरुण अभ्यासकांनी त्या गावाचा अभ्यास केला आणि १९३३ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. ते वाचताना आपण सोलापूरबद्दलच वाचत आहोत असे मला पानोपानी वाटत होते.

अभ्यासकांना आधी वाटले होते की रिकामपण मिळाल्यावर माणसे निदान वाचतील तरी. गावात वाचनालय होते. झाले उलटे; पुस्तके नेणे कमी झाले. त्यांनी पुरुषांना आपल्या दिवसाचा तासागणिक तपशील लिहायला सांगितला, तर बहुतेकांना लिहायला काही सापडेना. सकाळी उठलो, मग दुपार झाली, जेवलो, मग रात्र झाली. रस्त्यावरून जाणारी माणसे खिडकीतून पाहिली, तर पुरुष रेंगाळत, ठिकठिकाणी थांबत चालले होते आणि बायका भराभर चालल्या होत्या. बायकांना घरी काम होते. गिरणी बंद झाली तरी चूल, धुणे आणि मुले बंद झाली नव्हती. आणखी एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. नाताळला काय हवे, यावर शाळेतल्या मुलांना निबंध लिहायला सांगितले होते. आसपासच्या गावांतल्या मुलांच्या मानाने मारिएन्तालच्या मुलांनी फार कमी किमतीच्या वस्तू मागितल्या, आणि त्याही ‘आईबापांना काम असते तर’ अशा अटीने. मुलांनी मागणेसुद्धा काटकसरीने केले होते.

त्या पुस्तकाने मला एक गोष्ट स्पष्ट झाली. बेकारी माणसाचा पैसा तर नेतेच, पण त्याच्यामागून त्याचा दिवस नेते. सकाळ आणि संध्याकाळ यांना जोडणारा धागाच तुटतो. आणि घरात मूल असेल तर हा धागा जोडायचे एक साधन हाताशी असते. मुलाला भूक वेळेवर लागते. त्याची शाळा वेळेवर भरते, गृहपाठ उद्यालाच द्यायचा असतो. बाजार मंदीत आहे म्हणून मुलाचे वाढणे थांबत नाही. सगळे जग ‘पुढे बघू’ म्हणत असते, तेव्हा घरात एकच प्राणी असा असतो की ज्याला आजच काहीतरी हवे असते. बेकार बापाला तो पहिल्यांदा बोजा वाटतो. खरे तर तो भोंगा असतो.

हे झाले उजेडाचे. आता त्याच्या काठावरचा अंधारही सांगितला पाहिजे, नाही तर हा लेख खोटा होईल.

आमच्या पूर्वभागात घरोघर बायका विड्या वळत. पाने भिजवायची, मापाला कापायची, तंबाखू भरून दोरा बांधायचा, आणि हजारांच्या हिशोबाने नेऊन द्यायच्या. गिरण्या थांबल्या तेव्हा कितीतरी घरे या बायकांच्या बोटांवर तगली. माझ्या वर्गात गणितात पहिली येणारी एक मुलगी होती. तिच्या वडिलांचीही गिरणी गेली. आधी ती शाळेतून आल्यावर आईला पाने कापून देई. मग सकाळीही देऊ लागली. नववीच्या सहामाहीनंतर ती आलीच नाही. तिच्या घरी प्रेम कमी नव्हते, आणि तिचे वडीलही तिला जीव लावीत. कमी होते ते पैसे. उजेडाचे कवडसे पोट भरत नाहीत. ज्या घरात दोन वेळचे धान्य नाही तेथे आईबापांना शहाणपण शिकवायला जाऊ नये. तेथे काम, रेशन आणि फी यांची सोय समाजाने करायची असते. विडी कामगार बायकांनी पुढे संघटित होऊन पुष्कळ मिळवले. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली ती घरे या बायकांना मिळाली. तेथेच असंघटित कामगारांसाठी रे नगर उभे राहिले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातली पंधरा हजार घरे कामगारांच्या ताब्यात आली. ज्या घरात मूल आपले दप्तर ठेवायला एक कोपरा स्वतःचा म्हणू शकते, त्या घराचे मोल मला पुरेपूर माहीत आहे. पण माझी ती मैत्रीण पुन्हा शाळेत आली नाही, हेही तितकेच खरे.

मग मुलांना कामाला हात लावू द्यावा की नाही? या प्रश्नाला अमेरिकेतल्या एका अभ्यासाने मला उत्तर दिले. १९२९ नंतरच्या महामंदीत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड गावी वाढणाऱ्या १६७ मुलांची पाहणी झाली होती. ती मुले मोठी होईपर्यंतचा माग काढून ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली पुस्तक लिहिले. १९२०-२१ साली जन्मलेली ही मुले मंदीत शाळकरी वयाची होती. ज्यांच्या घरचे उत्पन्न घटले, तेथे मुलगे बाहेर लहानसहान कामे करू लागले, मुली घर सांभाळू लागल्या. घराला आपला उपयोग आहे ही जाणीव त्यांना झाली, आणि त्यांच्यातली पुष्कळ पुढे चांगली निभावली. मात्र शेजारच्या बर्कलेतली, मंदी आली तेव्हा अगदीच लहान असलेली मुले, विशेषतः मुलगे, अधिक होरपळले. आणि एल्डर व त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. पैसा गेल्याने बापाचा स्वभाव जेथे तापट आणि लहरी झाला, तेथे मुलांना खरी झळ लागली. गरिबी मुलांपर्यंत पोचली ती पुष्कळदा बापाच्या आवाजातून.

तेव्हा मुलांचा वाटा असावा, पण तो वाट्याइतकाच. आमच्याकडे आई टॉवेलांच्या कडा शिवायचे काम आणी. आम्ही शिवलेले टॉवेल मोजून घड्या घालत असू. दिवे लागले की मोजणी बंद आणि पुस्तके उघडी, हा आईचा दंडक. काम पडून राहिले तर ती रात्री एकटी बसे. मारिएन्तालच्या बायका भराभर का चालत होत्या, हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीत अण्णांनी कामट्या आणून आकाशकंदील केला. हात साच्यावरचा, त्यामुळे कामट्यांचे सांधे असे बेमालूम बसले की गल्लीतल्या चौघांनी तसाच मागितला. अण्णा पैसे घ्यायला तयार होईनात. आई आतून म्हणाली, “कामाचे पैसे घ्यायला लाज कसली? फुकट दिलात तर मात्र मला लाज वाटेल.” मग आम्ही भावंडांनी कागद कापले, खळ शिजवली, आणि अण्णांनी एकूण अकरा कंदील केले. त्या पैशांत भावाला नवी चड्डी-सदरा झाला. आम्हां बहिणींना झाले नाही, पण गल्लीत अकरा घरांवर आमचे कंदील लागले होते. ते मोजत आम्ही तीनदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो.

आता दुसरी बाजू. मी शिकवू लागले ती तासिका तत्त्वावर. जितके तास घ्याल तितके मानधन. सुट्टी लागली की काही नाही. असे हजारो प्राध्यापक महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांत माझी बरीच वर्षे गेली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, कॉलेज बंद झाले आणि माझ्या वाट्याचे तास गेले. ते परत मिळायला दीड वर्ष लागले. यजमानांचा पगार निम्म्यावर आला होता. मुलगा तिसरीत होता.

गंमत अशी की त्या काळात मला कोणीही बेकार म्हटले नाही. नात्यातल्या बायका म्हणाल्या, “बरं झालं, आता घराकडे लक्ष देता येईल.” पुरुषाची नोकरी गेली की तो बेकार होतो, बाईची गेली की ती घरी येते! अपमान वाचला म्हणून आनंद मानावा, की आपली वीस वर्षांची विद्या कोणाच्या खिजगणतीत नव्हती म्हणून रडावे, हे मला ठरवता येईना. संध्याकाळी धुणे वाळत घालताना मी वर्गातले धडे मनाशी म्हणत असे. शिकवायची सवय सुटेल ही भीती पैशाच्या भीतीहून कमी नव्हती.

अण्णांच्या वेळी निदान शाळेची घंटा होती. येथे तीही बंद. चिरंजीव दहापर्यंत लोळत, मग मोबाइलवर डोळे लावून बसत. एका सकाळी मी त्याला पितळी ताट आणि लाटणे दिले आणि म्हटले, “आजपासून शाळेचा शिपाई तू. ठीक दहाला घंटा द्यायची. उशीर झाला तर तुझा पगार कापला जाईल.” पगार म्हणजे शेंगांचा एक लाडू. तो शिपाई इतका कडक निघाला की माझी फोडणी चालू असली तरी दहाला घंटा होई आणि मला गॅस बंद करावा लागे. पहिला तास वाचनाचा. मी वाचायचे, त्याने ऐकायचे. शेजारच्या गच्चीवरून दोन मुले कान देत. हळूहळू तीही आपापल्या गच्चीच्या कठड्याशी पुस्तके घेऊन बसू लागली. कॉलेजात साठांच्या वर्गात मागच्या बाकावरची मुले पेंगताना मी पाहिली होती. येथे तीन विद्यार्थी होते आणि तिघेही जागे. एके दिवशी शिपाईबुवांनी विचारले, “आई, कॉलेज सुरू झालं की तू इथली नोकरी सोडणार का?” त्याच्या लेखी मी बेकार नव्हतेच. माझी बदली झाली होती, इतकेच.

मुलाच्या हिशोबात आईबापांची किंमत त्यांच्या पगारपत्रकावरून ठरत नाही, हा त्या दीड वर्षातला सर्वांत मोठा उजेड. त्याला इतकेच पाहायचे असते की हे माणूस सकाळी उठते की नाही, माझ्याशी बोलते की नाही, आणि चिडले तर कशावरून चिडले ते सांगते की नाही.

म्हणून बेकारीत अडकलेल्या आईबापांना, माझ्या अनुभवाच्या अधिकाराने, थोडे सांगावेसे वाटते. दिवसाला एक घंटा ठेवा, मग ती ताटाची का असेना. मुलांना खरे सांगा, पण त्यात एक वाक्य चालू राहणाऱ्या गोष्टीचे असू द्या. आपल्या हाताला जे काम येते ते मुलांना दाखवा. कारखाना ते काम विकत घेत नसेल, पण मुलाला ते शिकायचे असते. त्यांचा हातभार घ्या, त्यांची संध्याकाळ घेऊ नका. आणि बाप घरी असेल तर त्याने घरचे अर्धे काम उचलावे. त्यात कमीपणा नाही; उलट त्याच्या दिवसाला आकार येतो आणि घरच्या बाईची चाल थोडी सावकाश होते.

ज्यांच्या घरी पगार वेळेवर येतो अशा वाचकांनाही एक विनंती आहे. फराळाला जाल तेव्हा त्या ताटामागे एखादा कामावाचून बसलेला माणूस असेल. त्याला त्याच्या मुलांदेखत, “काय, लागलं का कुठं?” असे विचारू नका. लागले असते तर त्याने आपण होऊनच सांगितले असते. त्याऐवजी मुलांकडे वळा आणि विचारा, “यंदा बाबांनी काय शिकवलं?” आणि उत्तर येईपर्यंत चकलीला हात लावू नका.